उलट्या उताराचं मानपत्र

आमच्या शेजारच्या शंकरराव वानखडे यांनी उभ्या आयुष्यात कुणाबद्दल वाईट लिहिलं नाही. बोलले असतील, माणूस आहेत, आणि शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं हेडक्लार्क होते. पण कागदावर कधीच नाही. सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणतं.

जळगाव जामोदात कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, कुणी सत्काराच्या वयाला पोचलं, की कोरा जाड कागद बाबूजींच्या दारात येतो. मानपत्र लिहावं तर त्यांनीच. मोत्यासारखं अक्षर, चारी बाजूंनी वेलबुट्टी, आणि मजकूर असा की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच वाटावं, हा कोण बुवा एवढा थोर? त्यांच्या शाळेतला एक शिपाई रोज दुपारी नकाशांच्या कपाटामागे झोपायचा. तो मानपत्रात ‘शांत व निगर्वी’ झाला. अकराच्या शाळेत बाराला उगवणारे मुख्याध्यापक ‘घड्याळाचे दास्य न पत्करलेले’ झाले. मी एकदा हसत हसत विचारलं, तर म्हणाले, “वहिनी, निरोपाच्या दिवशी माणसाले खरं सांगून काय भेटते? तो तं चालला.”

निरोप घेऊन चाललेल्या माणसापुरतं हे तत्त्वज्ञान ठीक होतं. पंचाईत झाली ती न जाणाऱ्या वस्तूची. म्हणजे घराची.

वीस वर्षांची ओळख, म्हणून आमच्या नांदुरा रोडच्या लेआऊटमध्ये आमच्या भिंतीला लागूनच त्यांनी प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी बांधायला काढलं. समोरची खोली, स्वयंपाकघर, हे सगळं बाबूजींच्या मनासारखं. मागची एकच खोली त्यांच्या बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या हट्टाची. तिला लागूनच बाथरूम पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. मुलगी मयुरी नाशिकला दिलेली, लग्नाला सहा वर्षं झालेली, आणि आता कुठे दिवस गेलेले. “माह्या तिन्ही बाळंतपणात मी आंगणात तट्ट्याच्या आडोशाले न्हाली,” पंचफुलाबाई मला म्हणाल्या होत्या. “माही पोरगी खोलीतून उठून चार पावलं चालन आन गरम पाण्यानं न्हाईन. येवढं झालं का मंग घर पडलं तरी चालते.”

घर पडलं नाही. ते श्रेय ठेकेदाराला द्यायलाच हवं.

ठेकेदार गोपालभाऊ. पांढरा शर्ट, कानाला फोन, तोंडात साखर. काही विचारा, उत्तर एकच, “होऊन जाते बाबूजी, तुम्ही कायले टेन्शन घेता?” मी माझ्या ओट्यावरून गहू निवडता निवडता बरंच बघत होते. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून स्लॅबवर तराईचं पाणी मारायचं ते एक दिवस मारलं की दोन दिवस गोणपाट वाळत पडायचं. मिस्त्री आठवड्याला बदलायचे. बाथरूमची फरशी बसली त्या दिवशीचा मिस्त्री दुपारून लग्नाला गेला आणि राहिलेली फरशी प्लास्टरवाल्यानं बसवली. हे मी बाबूजींना सांगितलं. ते म्हणाले, “असं नका म्हणू वहिनी, लोक मेहनती हायेत.” मला वाटतं, मानपत्र त्यांच्या डोक्यात तेव्हापासूनच सुरू झालं होतं.

गृहप्रवेशाच्या वेळी आमच्याकडे मिस्त्री-ठेकेदाराला कापड आणि टोपी देण्याची रीत आहे. बुद्धवंदना झाली, खीर वाटली गेली, आणि बाबूजींनी गोपालभाऊला कापडाबरोबर काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलं. आधी ते उभं राहून वाचलं. ‘आपण उभारलेल्या या वास्तूत शोधूनही दोष सापडत नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोपालभाऊनं चौकट छातीशी धरून फोटो काढले.

शोधूनही, हा शब्द मला नंतर बरेच दिवस छळत राहिला. कारण शोधलं कुणीच नव्हतं. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो, कधी दहाव्या. घरातला ड्रम म्हणजे तिजोरी. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, कपडे धुतलेलं अंगणाला. अशा गावात नव्या कोऱ्या फरशीवर नुसतं बघायला म्हणून बादलीभर पाणी कोण ओतेल? बाबूजींनी बाथरूमच्या दारात उभं राहून फरशीची चमक पाहिली, नळाची तोटी कोरडीच फिरवून पाहिली, आणि घर ताब्यात घेतलं.

चौथ्या दिवशी नळ आला. पंचफुलाबाई मागच्या बाथरूममध्ये पहिल्यांदा आंघोळीला बसल्या. जरा वेळानं भिंतीपलीकडून हाक आली, “सुहासिनीबाई, या बरं जरा.”

जाऊन पाहते तर खोलीभर पाणी पसरलेलं, आणि त्याबरोबर वाहत आलेली साबणाची वडी पलंगाखाली निवांत पडलेली. बाथरूमच्या कोपऱ्यातली जाळी मात्र कोरडी ठणठणीत. उतार जाळीकडे असायचा तो खोलीकडे होता. पंचफुलाबाईंनी पदर खोचला, स्वयंपाकघरातून एक लिंबू आणलं आणि जाळीपाशी ठेवलं. लिंबू क्षणभर थांबलं, मग विचार बदलल्यासारखं निघालं, उंबरा ओलांडून खोलीत आलं आणि पलंगाच्या पायाशी जाऊन थांबलं. तिसऱ्यांदा सोडलं तेव्हा नेमकी पलीकडची एक बाई दारात आली, लिंबाकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. वानखडेबाई लिंबं फिरवतात, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या लेआऊटभर झाली.

गोपालभाऊ पाचव्या फोनला आला. बाथरूम पाहिली, मान हलवली.

“पानी हाये ते बाबूजी. वाहनारच.”

“पण खोलीत काऊन वाहते?” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“नवं घर हाये, वहिनी. थोडं बसन. मंग बरोबर होते.”

“बसन म्हंजे? फरशी काय कोंबडी हाये, बसाले?”

बाबूजींनी बायकोकडे असं पाहिलं जणू गुन्हा तिनंच केला. दुसऱ्या दिवशी गोपालभाऊनं माणसाच्या हाती दोन नवे कोरे वायपर पाठवले. भेट म्हणून. एक निळा, एक गुलाबी. बाबूजींनी ते कौतुकानं खुंटीला लावले. “पाहा, दखल तं घेतली त्यानं.”

त्यानंतर बाबूजी तीनदा त्याच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे बसस्टँडजवळचा गाळा. खुर्चीच्या मागे, सगळ्यांना दिसेल असं, बाबूजींचं मानपत्र टांगलेलं. तिसऱ्या खेपेला तिथे संग्रामपूरकडचे कुणी नवरा-बायको बसलेले होते, घर बांधायचं होतं त्यांना. गोपालभाऊनं बाबूजींना पाहताच हात जोडले आणि त्यांना म्हणाला, “हे पाहा, हेच ते बाबूजी. विचारा यायलेच. माहं काम कसं हाये, यायच्याच अक्षरात हाये.” ते दोघं मोठ्या आशेनं बाबूजींकडे पाहू लागले.

“मंग काय सांगितलं तुमी?” घरी आल्यावर पंचफुलाबाईंनी विचारलं.

“सांगतो काय? लोकं बसले होते.”

“म्हंजे हाव म्हनलं.”

बाबूजी वर्तमानपत्र उलगडून बसले. ते कालचं होतं.

मयुरीला आठवा लागला होता. पुढच्या महिन्यात ती यायची होती. पंचफुलाबाईंनी तेल-मालिशसाठी झुंबरबाईंना सांगून ठेवलं होतं. आमच्या गावातली निम्मी पोरं झुंबरबाईंच्या पायांवर न्हालेली आहेत, माझा श्रेयस धरून. त्या एक दिवस जागा पाहायला आल्या. बाथरूममध्ये पाटावर बसून पाहिलं, ओल्या फरशीवर टाच घासली, आणि उठल्या.

“मी इथीसा लेकरू नाई न्हाऊ घालत, बाई. साबनाचं पानी मांघं फिरून माह्याच पायाखाली येते. मी घसरली तं माही कंबर जाईन, ते ठीक. हातातल्या लेकराचं काय?”

“मंग कुठी घालसान?”

“आंगनात घालीन. तट्ट्या लावा.”

झुंबरबाई गेल्यावर पंचफुलाबाईंनी गुलाबी वायपर उचलला आणि कोरडीच असलेली खोली पुसत राहिल्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहा न घेता परतले. असं आमच्यात कधी होत नाही.

बाबूजींचा पुतण्या अश्वजित बुलढाण्याला वकिली करतो. त्यानं फोनवर सांगितलं, ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते, पण आधी ठेकेदाराला लेखी कळवा, आणि घरात दोष नाही असं तुम्ही कुठे लिहून दिलेलं नाही ना? बाबूजी म्हणाले, नाही. जरा थांबून म्हणाले, “म्हंजे... करारात नाही.”

लेखी कळवायचं म्हणून बाबूजी तीन दिवस कागद घेऊन बसले. चौथ्या दिवशी पंचफुलाबाईंनी तो कागद माझ्या हातात दिला. “तुमी मराठीत बी.ए. हाये ना? पाहा बरं, हे तक्रार हाये का सत्कार.”

मी वाचलं. ‘सन्माननीय गोपालभाऊ, आपल्या कुशल हातांनी साकारलेल्या वास्तूतील स्नानगृहाच्या जलप्रवाहाने, आपल्या नेहमीच्या उत्साही स्वभावास अनुसरून, किंचित निराळी दिशा स्वीकारली असल्याचे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.’

मी लाल पेन घेऊन एकेक विशेषण खोडत गेले. शेवटी राहिलं ते एवढं: ‘गोपालभाऊ, बाथरूमचा उतार उलटा आहे. दुरुस्त करून द्या.’ बाबूजींनी ते हातात धरून पाहिलं. सुना चेहरा झाला त्यांचा.

“असं लिहिलं तं त्याले वाईट वाटन, वहिनी.”

“वाटावंच म्हणून लिहितात, बाबूजी.”

“मले सवय नाई,” ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या चुकांना शब्दांचा गिलावा केला, त्याच्या हातात एकदम उघड्या विटा दिल्यावर तो काय करणार? तरी त्यांनी सही केली. पत्र गेलं. गोपालभाऊनं पोचल्याची सही दिली आणि उत्तर दिलं नाही.

उत्तराऐवजी पंधरा दिवसांनी तो स्वतःच आला. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक कोरा, जाड, पिवळसर कागद.

मी त्या वेळी दही द्यायला गेलेली होते, म्हणून हे ऐकीव नाही. त्याचे वडील रंगराव मिस्त्री पंचाहत्तर वर्षांचे झाले होते. मंगल कार्यालयात मोठा सत्कार ठेवला होता. गोपालभाऊच्या मनात येत्या नगरपालिकेला उभं राहायचं होतं, तेव्हा वडिलांच्या निमित्तानं चार माणसं जमवायची होती, हेही आम्हाला माहीत होतं. आणि मानपत्र लिहायला गावात दुसरं होतं कोण?

“माह्यावर राग असन तुमचा, बाबूजी,” तो पेढे पुढे करत म्हणाला. “पन बाबाचं काम हाये. बाबाले तुमीच पाह्यजे.”

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आदळलं. मला वाटलं, आता पहिल्यांदाच बाबूजी कागद परत करतील. त्यांनी तो घेतला, बोटांनी कड चाचपून पाहिली.

“रंगराव मिस्त्रींचं लिहितो,” ते म्हणाले. “त्यायचं लिहाले मले पदरचं काही जोडावं लागत नाई.”

तो गेल्यावर पंचफुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “लिहा. पोरगी परवा येऊन राह्यली. तिलेही एक लिहून ठेवा. आंगनात न्हाली म्हनून.”

मयुरी आली. पोट सांभाळत, हसत, नव्या घराचं कौतुक करत. मागच्या खोलीत गेली, खुंटीवरचे दोन वायपर पाहिले आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. पोरी समजून घेतात ते असं. रात्री समोरच्या खोलीत गादी टाकून झोपायला लागली.

सत्काराला आम्ही सगळे गेलो. रंगराव मिस्त्री स्टेजवर मधल्या खुर्चीत. पांढरं धोतर, नवी टोपी, गुडघ्यांवर हात. गुडघे गेल्यापासून सात-आठ वर्षं ते कामावर जात नव्हते. ऐकूही जरा कमीच यायचं. फुलांचे हार चढले, भाषणं झाली. भाषणांत वडिलांपेक्षा मुलाचं नाव जास्त आलं. मग बाबूजी मानपत्र वाचायला उभे राहिले.

मी कान टवकारून ऐकत होते. पहिल्या दोन ओळींतच कळलं, हे नेहमीचं नाही. विशेषणच नव्हतं एकही.

‘आमच्या शाळेच्या चार खोल्या रंगराव मिस्त्री यांनी बांधल्या. काम संपले त्या वर्षी गावात पाण्याचा दुष्काळ होता. मिस्त्रींनी आपल्या घरची पाण्याची बादली सायकलला अडकवून आणली. गच्चीवर चढले आणि ती स्वतःच्या हाताने ओतली. पन्हाळीपाशी बसून राहिले. शेवटचा थेंब पन्हाळीतून गेला, तेव्हा उठून म्हणाले, आता घ्या ताब्यात. मी ऑफिसच्या खिडकीतून हे पाहत होतो. त्या खोल्या आजही गळत नाहीत. प्रत्येक कामाला मिस्त्री अशी एक बादली टाकत. बादली टाकल्याशिवाय त्यांनी कुणाच्या हातात किल्ली दिली नाही.’

म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्यांनी हात पुढे करून मुलाकडचा माईक मागून घेतला. माईक चालूच होता.

“खरं लिवलं बाबूजी तुमी. दुस्काळात बायको लय बोलली व्हती मले, त्या बादलीपायी.” लोक हसले. मग ते मुलाकडे वळले. “गोप्या, बाबूजीचं घर तं तूच बांधलं ना?”

“हाव बाबा.”

“बादली टाकली व्हती ना?”

गोपालभाऊ हसला. “बाबा, आधी पाहुन्यायचे सत्कार होऊ द्या.”

“म्हंजे नाई टाकली,” माईकमधून सगळ्या मंगल कार्यालयाला ऐकू गेलं. म्हाताऱ्यानं बाबूजींना विचारलं, “तुमी सांगा बाबूजी. पानी कुठी जाते?”

बाबूजी मानपत्राची सुरळी करत उभे. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. आणि मग बायकांच्या बाजूनं, माझ्या शेजारूनच, पंचफुलाबाई उठल्या. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती, इतकी शांतता होती.

“टाकली भाऊ बादली. म्या टाकली. पानी माह्या पोरीच्या पलंगाखाली जाते.”

आणि खाली बसल्या. मयुरीनं त्यांचा हात धरला. जेवणं सुरू झाली तेव्हा मठ्ठा वाढणाऱ्यांपासून सगळे त्या पलंगाचीच चौकशी करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव मिस्त्री मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. गळ्यात लेव्हलची पारदर्शक नळी माळेसारखी, हातात बादली. बाथरूमच्या दारात त्यांना खुर्ची टाकून दिली. त्यांनी नळीत पाणी भरलं, एक टोक मुलाच्या हातात देऊन जाळीपाशी धरायला लावलं, दुसरं स्वतः उंबऱ्याशी धरलं. बराच वेळ पाहिलं.

“हे काय व्हय बे?” ते शांतपणे म्हणाले. “लग्नातून उठून आलेल्या मिस्त्रीनं बसोली का फरशी?”

“लग्नाले गेला होता तो,” गोपालभाऊ पुटपुटला. मी खिडकीतून म्हटलं, “जाण्याआधी अर्धी त्यानं बसवली, उरलेली प्लास्टरवाल्यानं.” मला राहवलं नाही.

“फोड,” म्हातारा म्हणाला.

“बाबा, मी उद्या मानसं पाठोतो.”

“मानसं उद्या. पहिली फरशी तू फोड. मी बसलो हाये.”

पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून गोपालभाऊनं छिन्नी-हातोडा घेतला, तेव्हा आमच्या लेआऊटमधल्या बऱ्याच जणींना त्याच वेळी वानखड्यांकडे काही ना काही काम निघालं. बाबूजी मात्र बाहेर जाऊन बसले. त्यांना ते बघवेना. मला म्हणाले, “उगाच त्याची शोभा झाली, वहिनी. मी तं फक्त पाह्यलं ते लिहिलं.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. गेली वीस वर्षं मी हा चेहरा वाचते आहे. तो त्या दिवशी मला पूर्ण वाचता आला नाही.

चार दिवस काम चाललं. म्हातारा रोज येऊन खुर्चीत बसायचा, आणि सिमेंट टाकल्यावर तराईचं पाणी मुलाकडूनच घालून घ्यायचा. जुनी फरशी बाजारात मिळाली नाही, म्हणून बाथरूमची खालची फरशी आता हिरवी आहे आणि भिंतीची तपकिरी. पंचफुलाबाई म्हणतात, न्हायला डोळे मिटूनच बसतात.

नळ आला त्या दिवशी बादली टाकायची होती. मिस्त्रींनी आपली बादली पुढे केली, पण पंचफुलाबाईंनी ड्रममधली काढली. आठ दिवस पुरवायच्या पाण्यातली. झुंबरबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. उंबऱ्याशी उभं राहून पाणी ओतलं. ते क्षणभर पसरलं, मग अंग चोरून कोपऱ्याकडे निघालं आणि जाळीत गुडूप झालं. झुंबरबाईंनी ओल्या फरशीवर टाच घासली.

“घालते इथीसा,” त्या म्हणाल्या, आणि तंबाखूची डबी काढली.

गोपालभाऊनं घाम पुसला. “बाबूजी, झालं ना समाधान? मंग आता एक लिहून द्या. ऑफिसातल्या त्या मानपत्राच्या बाजूले लावतो. लोकं लय बोलून राह्यले.”

बाबूजी आत गेले. जाड कागद आणला, वेलबुट्टी काढली, आणि मोत्यांच्या अक्षरात एकच ओळ लिहिली. खाली तारीख, सही. मी वाचली. ‘आज बादली टाकली. पाणी जाळीत गेले.’

गोपालभाऊनं ते उलटंपालटं करून पाहिलं, मागे आणखी काही आहे का म्हणून.

“बाकीचं?”

“बाकीचं घर पाहून सांगतो,” बाबूजी म्हणाले. “स्वयंपाकघराचा दरवाजा अजून लागत नाई.”

बावीस दिवसांनी मयुरीला मुलगी झाली. झुंबरबाई तिला रोज सकाळी मागच्या बाथरूममध्ये पायांवर घेऊन न्हाऊ घालतात. भिंतीपलीकडून मला तिचं रडणं आणि त्यांचं गाणं दोन्ही ऐकू येतं. वायपर दोन्ही अंगणात आहेत, पंचफुलाबाई त्यांनी कोंबड्या हाकलतात. गोपालभाऊच्या ऑफिसात पहिलं मानपत्र अजून टांगलेलं आहे. दुसऱ्याला तो चौकट करतोय म्हणे, सुतार मिळेना.